ड्रोनला बांधायचा कणमापक आधी जमिनीवर कसा तपासावा

हवेतले धूळ-धुराचे बारीक कण मोजणारा, मुठीत मावणारा कणमापक ड्रोनला बांधून वर पाठवला की तो आकडे देतोच. बिघडलेला असला तरी देतो, गळका असला तरी देतो, आणि ड्रोनच्या मोटारींची खरखर मोजत असला तरीही ऐटीत देतो. त्यामुळे ‘चालतोय का’ हे पाहून थांबायचं नाही. तो नेमकं काय मोजतोय, हे शोधायचं. हा लेख त्या शोधाच्या क्रमाबद्दल आहे. क्रम बदलू नका. प्रवाह तपासायच्या आधी आकार तपासायला बसलात तर दोन दिवस वाया जातात. माझे गेले आहेत.

इथे दोन जातींची उपकरणं गृहीत धरली आहेत. पहिली पंपाची. अमेरिकेच्या नोआ या समुद्र-वातावरणाच्या सरकारी संस्थेत तयार झालेलं ‘पॉप्स’ हे त्यातलं नावाजलेलं. त्याचा प्रकाशीय सांगाडा थ्री-डी प्रिंटरवर बनतो, लेझर ४०५ नॅनोमीटरचा असतो आणि साधारण ०.१४ ते ३ मायक्रॉनचे कण ते मोजतं. दुसरी जात पंख्याची, म्हणजे अल्फासेन्स कंपनीच्या ओपीसी-एन३ सारखी: वजन शंभरेक ग्रॅम, पल्ला ०.३५ ते ४० मायक्रॉन, आकारांचे २४ खाने. दोन्हींचं तत्त्व एकच. कण लेझरच्या झोतातून जातो, क्षणभर चमकतो, ती चमक डिटेक्टरवर स्पंद म्हणून उमटते. स्पंदाच्या उंचीवरून कणाचा आकार, स्पंदांच्या संख्येवरून कणांची संख्या, आणि दर सेकंदाला किती हवा आत गेली त्यावरून घन सेंटिमीटरमागे किती कण हे ठरतं. म्हणजे चूक तीनच ठिकाणी शिरू शकते: स्पंदात, हवेच्या मापात, किंवा आत शिरलेली हवा आपल्याला हवी ती नसण्यात.

टेबलावर काय काय लागेल

दोन हेपा फिल्टर काडतुसं (हवेतले जवळजवळ सगळे कण अडवणारी), साबणाच्या पडद्याचं ब्युरेट (हवेचा प्रवाह मोजायची खुणांची काचनळी), दोन-तीन आकारांचे पॉलिस्टायरिन लॅटेक्सचे गोळे (पुढे यांना पीएसएल म्हणतो), मेडिकलच्या दुकानातला नेब्युलायझर, रंग बदलणारी सिलिका जेल, झाकणाचा मोठा पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा, अगरबत्तीचा पुडा, लोकरीचा धागा आणि कागदाची वही. वही यासाठी की लॅपटॉपवरची नोंद ‘नंतर करू’ म्हणून राहते. पहिल्या पानावर उपकरणाचा अनुक्रमांक, फर्मवेअरची आवृत्ती आणि नळीची लांबी लिहा. लेझर चालू असताना झाकण उघडू नका.

पहिली पायरी: हवा किती जाते

पंपाच्या उपकरणाला ब्युरेट जोडा. पॉप्ससारख्या उपकरणात हवा सेकंदाला साधारण ३ घन सेंटिमीटर, म्हणजे मिनिटाला १८० मिलिलीटर जाते. साबणाचा पडदा शून्याच्या खुणेपासून शंभराच्या खुणेपर्यंत चढायला सुमारे ३३ सेकंद लागले पाहिजेत. दहा वेळा मोजा, सरासरी घ्या, उपकरण स्वतः सांगतंय त्या प्रवाहाशी ताडून पाहा. कणमापकांसाठीचं आयएसओ २१५०१-४ हे मानक प्रवाहात ५ टक्क्यांपर्यंतची चूक चालवून घेतं. इथली ५ टक्के चूक संख्येत जशीच्या तशी उतरते, त्यामुळे याहून ढिलाई नको. ब्युरेट आणि उपकरण यांच्यामध्ये फिल्टर ठेवायला विसरू नका. साबणाचा थेंब आत गेला तर चाचणी तिथेच संपली.

पंख्याच्या उपकरणाला मात्र हे करू नये. पंख्याचा जोर इतका कमी असतो की तोंडाला काहीही जोडलं की प्रवाह बदलतो. म्हणजे मोजायला जावं आणि मोजायची गोष्टच बदलावी. त्याचा प्रवाह ते स्वतः कणांच्या वेगावरून काढतं, तो आकडा नोंदवून ठेवा. स्थिर हवेत, आणि टेबलफॅनचा वारा समोरून, बाजूने, मागून देऊन तो किती हलतो ते पाहा. वाऱ्यात हा आकडा लक्षणीय हलत असेल तर ड्रोनवर उघडं बांधण्याचा विचार तिथेच सोडा आणि आडोसा करा.

दुसरी पायरी: शून्य

एकच चाचणी करायला वेळ असेल तर ही करा. तोंडाला हेपा फिल्टर लावा, दहा मिनिटं नोंद घ्या. स्वच्छ हवेत यंत्राने शून्य सांगायला हवं. दहा मिनिटांत १८०० घन सेंटिमीटर हवा जाते. एकही कण दिसला नाही तर खोटी गणना घन सेंटिमीटरला ०.००२ पेक्षा कमी आहे असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. चार-दोन कण दिसले तर घाबरू नका, पण ते कोणत्या खान्यात दिसले ते पाहा. सगळ्यात लहान खान्यातच असतील तर तो बहुतेक विजेचा गोंगाट. सगळ्या खान्यांत विखुरले असतील तर ती गळती, खोलीतली हवा कुठूनतरी आत ओढली जातेय.

गळती शोधायची युक्ती सोपी आहे. फिल्टर लावलेलाच ठेवा, अगरबत्ती पेटवा आणि तिचं टोक एकेका सांध्याजवळ दोन-तीन सेकंद धरा. स्क्रीनवर आकडा शून्याजवळ रेंगाळत असतो. गळक्या सांध्यापाशी आलात की एकदम शेकड्यांत उडी मारतो. बहुतेकदा दोष ओ-रिंगचा किंवा नळी पुरती न सरकवल्याचा असतो. थ्री-डी प्रिंटेड भागांत थरांच्या मधल्या बारीक फटीही गळतात, तिथे इपॉक्सीचा पातळ हात पुरतो.

पंख्याच्या जातीला इथेही वेगळी वागणूक. अख्खं उपकरण प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा आणि डब्यात पंपाने फिल्टर केलेली हवा सोडत राहा, म्हणजे आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त राहतो आणि झाकणाच्या फटींतून हवा आत न येता बाहेर जाते. पंधरा-वीस मिनिटांत डबा निवळतो.

तिसरी पायरी: आकार

पीएसएल म्हणजे ठरावीक आकाराचे प्लॅस्टिकचे गोळे, पाण्यात तरंगणारे. बाटली फ्रिजमध्ये ठेवा, पण गोठू देऊ नका. वापरण्याआधी हलक्या हाताने उलटीपालटी करा. शंभर मिलिलीटर डिस्टिल्ड पाण्यात दोन-तीन थेंब पुरतात. जास्त टाकलेत तर एका तुषारात दोन गोळे येतात आणि मुख्य शिखराच्या उजवीकडे खोटं छोटं शिखर दिसतं. नेब्युलायझरमधून निघालेला फवारा सिलिका जेलच्या नळीतून वाळवून, फिल्टर केलेल्या हवेत पातळ करून उपकरणाला द्या. डावीकडे, अगदी लहान आकारांत, एक ढिगारा दिसेल. ते गोळे नव्हेत; गोळे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून पाण्यात घातलेल्या रसायनाचा तो वाळलेला अवशेष असतो. नवशिके त्यालाच ‘उपकरण फारच संवेदनशील’ समजून खूश होतात.

लहान, मधला आणि मोठा असे निदान तीन आकार घ्या, उदाहरणार्थ ०.३, ०.५ आणि १ मायक्रॉन. शिखर योग्य खान्यात बसतंय का आणि ते किती पसरट आहे, दोन्ही पाहा. वर उल्लेखलेलं मानक आकाराची विभेदनक्षमता, म्हणजे शिखराचा पसारा, १५ टक्क्यांच्या आत मागतं. मोजण्याची कार्यक्षमता, म्हणजे शंभर कण गेले तर किती दिसले, हे घरच्या टेबलावर नीट काढता येत नाही. त्यासाठी एकाच आकाराचे कण वेगळे काढणारा डीएमए आणि प्रत्येक कण मोजणारा सीपीसी असलेली प्रयोगशाळा गाठावी लागते. मानकाची अपेक्षा अशी: पल्ल्याच्या अगदी खालच्या टोकाला ५० टक्के, वीस टक्के इकडेतिकडे, आणि त्याच्या दीड ते दोन पट आकाराला १०० टक्के, दहा इकडेतिकडे. खालच्या टोकाला निम्मे कण सुटतात हा दोष नाही, व्याख्याच तशी आहे.

पीएसएलचा अपवर्तनांक, म्हणजे पदार्थ प्रकाश किती वळवतो त्याचं माप, सुमारे १.५९. हवेतले सल्फेटचे कण १.५३ च्या आसपास, आणि काजळी तर प्रकाश गिळते. तेवढ्याच व्यासाचा हवेतला कण त्यामुळे बहुधा कमी चमकतो आणि लहान म्हणून नोंदला जातो. अहवालात व्यास लिहाल तिथे ‘पीएसएल-समतुल्य’ हा शब्द ठेवा. शिवाय कणाचा आकार लेझरच्या तरंगलांबीच्या जवळपास आला की चमक सरळ वाढत नाही, हिंदकळते. दोन वेगळ्या आकारांना एकच स्पंद मिळू शकतो. अशा पट्ट्यातले तीन-चार खाने एकत्र करून टाका. बारीक खान्यांचा आलेख दिसतो देखणा, पण त्यातले उंचवटे हवेतले नसतात.

चौथी पायरी: गर्दी

एका वेळी दोन कण झोतात आले तर यंत्राला एकच दिसतो, तोही फुगलेला. समजा कणाला झोत ओलांडायला १० मायक्रोसेकंद लागतात आणि प्रवाह सेकंदाला ३ घन सेंटिमीटर आहे. घन सेंटिमीटरला १००० कण असतील तर ३ टक्के हरवतात. ५००० झाले की १४ टक्के. आपल्याकडे हिवाळ्यातल्या पहाटे, किंवा दिवाळीच्या रात्री, ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

तपासायचं असं: डब्यात अगरबत्तीचा थोडा धूर भरा, मग फिल्टर केलेली हवा ठरावीक वेगाने सोडत राहा आणि आतली हवा छोट्या पंख्याने ढवळत ठेवा. धूर ज्या प्रमाणात पातळ होतो त्याचा आलेख लॉग मापावर सरळ रेषेत उतरला पाहिजे. सुरुवातीच्या दाट धुरात तो रेषेखाली वाकलेला दिसेल. वाकणं जिथे संपतं तो तुमच्या उपकरणाचा खरा वरचा पल्ला, माहितीपत्रकात काहीही छापलेलं असो.

पाचवी पायरी: शेजारीशेजारी

तीन सारखी उपकरणं मिळाली तर उत्तम. दोन असली तर मतभेद झाल्यावर पंच राहत नाही. गच्चीवर सावलीत, पावसापासून आडोशाला, तिन्हींची तोंडं एका उंचीवर ठेवून पूर्ण चोवीस तास चालवा. पहाटेचा दमट काळ आणि सकाळच्या वाहतुकीचा काळ त्यात यायलाच हवा. एकूण संख्या जुळली म्हणून समाधान मानू नका, खान्याखान्याने ताडा. एकाचे लहान कण कमी आणि मोठे जास्त असले तरी बेरीज छान जुळते.

सीपीसीशी तुलना करताना एक फसगत नेहमी होते. सीपीसी काही नॅनोमीटरपासूनचे सगळे कण मोजतो. तो दहा हजार सांगत असताना तुमचा कणमापक आठशे सांगेल, आणि दोघंही बरोबर असू शकतात. पीएम २.५ च्या संदर्भ यंत्राशी तुलना करायची तर कणांची घनता गृहीत धरावी लागते. ती धरली असेल तर किती धरली ते लिहा. उपकरण आतल्या आत हिशेब करून जो पीएमचा आकडा देतं तो बाजूला ठेवा, कच्चे खानेच वापरा.

सहावी पायरी: थंडी, विरळ हवा आणि दमटपणा

ड्रोन १२० मीटरपर्यंतच जाणार असेल तर दाबाचा फरक दीडेक टक्क्याचा, त्यासाठी निर्वात कक्ष शोधत फिरू नका. फुग्याला बांधणार असाल तर मात्र गत्यंतर नाही. इस्रो आणि नासाच्या बाटाल मोहिमेत २०१४ पासून हैदराबादहून आणि गडंकीहून फुगे सोडले गेले, ते मान्सूनच्या काळात आशियावर १३ ते १८ किलोमीटरच्या पट्ट्यात तयार होणाऱ्या एरोसोलच्या, म्हणजे हवेत तरंगणाऱ्या बारीक कणांच्या, थराचा माग काढायला. त्या उंचीवर दाब जमिनीवरच्या दशांशाच्या आसपास आणि तापमान उणे ७०-८० असतं.

इथे प्रवाहाचा सेन्सर कोणत्या जातीचा आहे ते महत्त्वाचं. उष्णतेवर चालणारा सेन्सर हवेचं वस्तुमान मोजतो. दाब निम्मा झाल्यावर तो ‘प्रवाह तेवढाच’ म्हणतो, आणि प्रत्यक्षात आकारमानाने दुप्पट हवा जात असते. काचेच्या व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये उपकरण ठेवून दाब टप्प्याटप्प्याने उतरवा आणि प्रत्येक टप्प्यावर पाच मिनिटं शून्य चाचणी घ्या. थंडीसाठी डीप फ्रीजर उणे वीसपर्यंत नेतो. बाहेर काढताना उपकरण बंद पिशवीत ठेवूनच खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर लेन्सवर दव धरतं.

दमटपणा हा आपल्याकडचा खरा शत्रू. मिठाचा कण सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की विरघळून थेंब होतो आणि ९० टक्क्यांना व्यासाने दुपटीहून मोठा होतो. जागतिक हवामान संघटनेची शिफारस नमुना ४० टक्क्यांखाली वाळवून मोजण्याची आहे. ड्रोनवर ड्रायरचं वजन नेहमीच परवडत नाही. त्यातून उपकरण स्वतः तापतं. बाहेर २० अंश आणि ९० टक्के असताना आत पाच अंश वाढले तर आतली आर्द्रता ६६ टक्क्यांवर येते, म्हणजे कण ना पुरता ओला ना पुरता कोरडा. उपाय स्वस्त आहे: बाहेर पडणाऱ्या हवेच्या वाटेत तापमान-आर्द्रतेचा बारका सेन्सर बसवा आणि प्रत्येक नोंदीसोबत तो आकडा साठवा. पावसाळ्यात महाबळेश्वरला ढग जमिनीलाच टेकतात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेची ढग-प्रयोगशाळा तिथे २०१२ पासून उगाच नाही. दमटपणाची कसोटी घ्यायला त्या घाटमाथ्यासारखी जागा नाही.

सातवी पायरी: ड्रोनवर चढवल्यावर पुन्हा शून्य

एकदा आम्हाला चाळीस मीटरच्या वर धुराचा सुंदर थर सापडला. तीन उड्डाणांत तिन्ही वेळा, तेवढ्याच उंचीवर. थर सापडल्याचा आनंद दोन दिवस टिकला. मग कुणीतरी म्हणालं, फिल्टर लावून उडवून बघू. फिल्टर लावला, उडवलं, आणि थर तसाच! त्या उंचीवर वारा वाढायचा, ड्रोन जागेवर राहायला मोटारींना जोर लावायचा, आणि मोटारींच्या वेग-नियंत्रकांचा विजेचा गोंगाट सगळ्यात लहान खान्यात कण म्हणून नोंदला जायचा.

तेव्हापासून नियम असा: उपकरण, बॅटरी, तारा, सगळं उडेल त्या अवस्थेत बांधा. ड्रोन जड फळीला पक्का जखडा. हेपा फिल्टर लावून मोटारी बंद, अर्ध्या जोरात आणि जवळपास पूर्ण जोरात, प्रत्येकी तीन मिनिटं चालवा. तिन्ही वेळा शून्य आलं पाहिजे. नाही आलं तर उपकरणाला स्वतंत्र बॅटरी द्या, तारा पीळ देऊन लहान करा, त्यांवर फेराइटचा मणी चढवा, डिटेक्टरभोवती तांब्याची पट्टी गुंडाळून ग्राउंड करा. एका वेळी एकच बदल करा आणि दर वेळी पुन्हा मोजा. गोंगाट गेला नाही तर सगळ्यात खालचा खाना टाकून द्या. खाना गेल्याचं दुःख होतं, पण खोटा थर छापून आल्यावर होतं त्याहून कमी. याच जखडलेल्या अवस्थेत एक पीएसएल आकारही पुन्हा द्या; कंपनांनी लेझरची रेषा हलत असेल तर शिखर पसरट झालेलं दिसतं.

आता वारा. काडीला लोकरीचे धागे बांधून प्रोपेलरच्या भोवती धरा, मग लांब काठीला लावलेली अगरबत्ती फिरवा. हवा वरून ओढली जाते आणि खाली जोरात फेकली जाते हे डोळ्यांना दिसतं. नळीचं तोंड खालच्या झोतात असेल तर तुम्ही वेगळ्याच उंचीची, ढवळलेली हवा मोजता. तोंड प्रोपेलरच्या पातळीच्या बरंच वर, उभ्या दांडीवर ठेवा, जिथे धागा जवळजवळ स्वस्थ लोंबतो. दांडी किती लांब हे तुमचा ड्रोन आणि तुमचे धागे ठरवतील. नळी धातूची किंवा वीजवाहक सिलिकॉनची घ्या. साध्या प्लॅस्टिकच्या नळीवर स्थिर विद्युत साचते आणि कण भिंतींना चिकटतात. वळणं शक्य तितकी टाळा, मोठे कण वळणावरच गळतात.

उड्डाणाचा दिवस

डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळावरचा नकाशा आधी पाहा. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत परवानगीची गरज नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या भागात ती मर्यादा २०० फुटांची आहे.

पहिलं उड्डाण एखाद्या मनोऱ्याच्या किंवा उंच गच्चीच्या बाजूला करा. वर एक जुळं उपकरण ठेवा आणि ड्रोन त्याच उंचीवर, सुरक्षित अंतरावर दहा मिनिटं तरंगत ठेवा. दोघांचे आकडे जुळले तर पुढे जा. चढताना वेग सेकंदाला एक-दोन मीटर ठेवा आणि चढतानाचीच नोंद वापरा. उतरताना ड्रोन स्वतःच फेकलेल्या हवेत शिरतो. वेगाचा संबंध आकडेमोडीशीही आहे. घन सेंटिमीटरला दहाच कण असतील तर सेकंदाला तीस मोजले जातात, त्यात १८ टक्के हेलकावा नुसत्या योगायोगाचा. दहा सेकंद एकत्र केले की तो ६ टक्क्यांवर येतो, पण दोन मीटर वेगाने तेवढ्यात वीस मीटर चढून झालेले असतात. म्हणजे विरळ हवेत वीस मीटरपेक्षा बारीक थर दाखवायचा मोह टाळा, किंवा सावकाश चढा.

घड्याळं जुळवा. ड्रोन, कणमापक आणि आर्द्रतेचा सेन्सर यांची तीन घड्याळं तीन वेळा सांगतात. उड्डाणाआधी विझलेली काडेपेटीची काडी नळीच्या तोंडासमोरून एकदा झपकन फिरवा आणि मोबाइलवर जीपीएसची वेळ टिपा. नोंदीत टोकदार उंचवटा येतो, तीच तुमची खूण. त्यात नळीतला उशीरही आलाच: चार मिलिमीटर व्यासाच्या तीस सेंटिमीटर नळीतून हवा यायला सव्वा सेकंद लागतो.

उतरल्यावर लगेच, बॅटरी बदलायच्या आधी, दोन मिनिटं पुन्हा शून्य आणि एकदा प्रवाह. उड्डाणाआधीच्या आकड्यांशी ते जुळले नाहीत तर उड्डाण बाद धरा, आलेख कितीही आवडलेला असो.

शेवटचा हिशेब प्रमाण स्थितीचा, म्हणजे शून्य अंश आणि १०१३.२५ हेक्टोपास्कलचा. मोजलेल्या संख्येला १०१३.२५ भागिले दाब, आणि केल्व्हिनमधलं तापमान भागिले २७३.१५, या दोन्हींनी गुणायचं. हे फक्त फुगेवाल्यांचं काम नव्हे. पुणं ५६० मीटरवर आहे. ३० अंशांच्या दुपारी तिथे जमिनीवर उभं राहूनच हा गुणक १.१९ येतो. गुणलेला आकडा वेगळ्या स्तंभात लिहा आणि कच्च्या फाइलला हात लावू नका.